ब्लॅक फॉरेस्टची शरदातली सहल: नकाशापेक्षा उंची बघून बेत आखा

जर्मनीच्या नैऋत्य कोपऱ्यात, ऱ्हाइन नदीच्या पूर्वेला ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगररांगा पसरल्या आहेत. उत्तरेला फोर्त्सहाइमपासून दक्षिणेला थेट स्वित्झर्लंडच्या हद्दीपर्यंत, साधारण १६० किलोमीटर. पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण नकाशा समोर ठेवून बेत आखतात: आज टिटीझे, उद्या ट्रीबेर्ग, परवा बाडेन-बाडेन. उन्हाळ्यात असा बेत खपून जातो. ऑक्टोबरात मात्र एकाच सकाळी खाली दरीत हात पुढे केला तर दिसू नये इतकं धुकं आणि वर माथ्यावर लख्ख ऊन, असा प्रकार सर्रास असतो. म्हणून या दिवसांत कुठलं गाव कधी यापेक्षा आज वर जायचं की खाली, हा प्रश्न महत्त्वाचा. पुढचं सगळं त्याच हिशेबाने लिहिलं आहे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. इंटरनेटवर लालबुंद डोंगरांचे फोटो बघून जाल तर हिरमोड होईल. इथलं जंगल मुख्यतः स्प्रूस आणि फरचं, म्हणजे बारा महिने गडद हिरवं. रंग उतरतो तो कडेकडेने: पश्चिमेच्या उतारांवरचे बीच वृक्ष, कुरणांतले मेपल, मधूनच पिवळा पडणारा लार्च आणि पायथ्याचे द्राक्षमळे. काळ्याशार जंगलाच्या काठाला ही तांबूस-सोनेरी किनार, हेच इथलं शरदातलं रूप. मला विचाराल तर सगळा डोंगर पेटल्यासारखा दिसण्यापेक्षा हे जास्त देखणं.

तारीख आधी, तिकीट नंतर

सप्टेंबरच्या अखेरीस खालच्या मळ्यांत द्राक्षतोडणी चालू असते आणि हवा सुखद असते. बीचचे रंग बघायचे असतील तर ऑक्टोबरचा दुसरा आणि तिसरा आठवडा उत्तम. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि दिवस एकदम आखडतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्यास्त सातच्या सुमारास असतो, तोच घड्याळ बदलल्यावर सव्वापाचच्या आसपास येतो.

आपल्याकडे सुट्टी म्हणजे दिवाळी, आणि इथेच लोक फसतात. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. तोवर पानं गळून गेलेली असतात, अनेक रोपवे वार्षिक दुरुस्तीसाठी थांबतात आणि डोंगरातली बरीच हॉटेलं उन्हाळा आणि नाताळ यांच्या मधल्या या काळात स्वतःच सुट्टीवर जातात. त्या वर्षी दसऱ्याला, म्हणजे २० ऑक्टोबरच्या आगेमागे रजा टाकता आली तर बघा. २०२७ ची दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस येते, तेव्हा थोडं जमेल.

३ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर या इथे सार्वजनिक सुट्ट्या. त्या दिवशी आणि दर रविवारी दुकानं बंद असतात, त्यामुळे दूध-ब्रेड शनिवारीच भरून ठेवायचं. टिटीझेसारख्या पर्यटकांच्या गावात रविवारीही काही दुकानं उघडी सापडतात, पण त्यावर विसंबू नका.

व्हिसाचं थोडक्यात: शेंगेन व्हिसा लागतो, प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, सोबत किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा. अर्ज सहा महिने आधीपर्यंत करता येतो. सहलीत स्वित्झर्लंड किंवा पॅरिसही जोडत असाल तर ज्या देशात सर्वात जास्त रात्री राहणार त्याच देशाकडे अर्ज करा. फराळ घेऊन जाणाऱ्यांसाठी: युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, तुपाची बरणी घरीच ठेवा. चकली, चिवडा, शंकरपाळे चालतील, फक्त तेलातले.

मुक्काम दोनच, एक खाली आणि एक वर

रोज बॅगा उचलून नवं गाव गाठण्यात शरदातला आखूड दिवस वाया जातो. पहिला मुक्काम पायथ्याच्या फ्रायबुर्ग शहरात करा आणि दुसरा हिंटरत्सार्टन, टिटीझे किंवा श्लुख्झेच्या बाजूला, आठशे-नऊशे मीटर उंचीवर.

फ्रांकफुर्टच्या विमानतळावरच लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्टेशन आहे. तिथून वेगवान आयसीई गाडीने फ्रायबुर्गला दोन-सव्वादोन तासांत पोचता. स्वस्त तिकीट ठरावीक गाडीलाच चालतं, म्हणून विमान उतरण्याची वेळ आणि गाडी यांत तीन तास तरी मोकळे ठेवा, नाहीतर थोडे जास्त पैसे देऊन कुठल्याही गाडीला चालणारं तिकीट काढा.

वरच्या गावात खोली बघताना एकच प्रश्न विचारायचा: कोनुस कार्ड मिळतं का? इथल्या शंभराहून अधिक गावांत पाहुण्यांकडून रोजचा छोटा पर्यटन कर घेतात आणि त्याबदल्यात हे कार्ड देतात. ते दाखवलं की संपूर्ण ब्लॅक फॉरेस्टमध्ये बस आणि लोकल गाड्यांचा प्रवास फुकट. आयसीईला चालत नाही. शहरात राहिलात तर ते मिळेल असं गृहीत धरू नका. दक्षिणेच्या उंच भागात दोन किंवा अधिक रात्री राहिल्यास काही घरमालक होखश्वार्झवाल्ड कार्डही देतात. त्यावर रोपवे, बोटी, संग्रहालयं अशा बऱ्याच ठिकाणी वेगळं तिकीट लागत नाही. दोन खोल्यांच्या दरात थोडा फरक असेल तर कार्ड देणारी घ्या, चौघांच्या कुटुंबाला पहिल्याच दिवशी फरक कळतो.

जिथे कार्ड नाही तिथे बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याचं दिवसाचं तिकीट काढा. पाच जणांपर्यंत एकत्र प्रवास करता येतो. फक्त सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच लागू होतं.

सकाळचा निर्णय

रोज उठल्यावर खिडकीतून बघून दिवस ठरवू नका. शांत, निरभ्र रात्री थंड जड हवा ऱ्हाइनच्या खोऱ्यात उतरते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं आणि धुकं खाली कोंडून राहतं. फ्रायबुर्गात करडं, ओलं, कंटाळवाणं वातावरण असतं तेव्हा हजार मीटरच्या वर लोक गॉगल लावून बसलेले असतात. म्हणून फोनवर फेल्डबेर्ग आणि शाउइन्सलांड या डोंगरांवरचे वेबकॅम जतन करून ठेवा. दोन मिनिटांत कळतं: खाली धुकं आणि वर निळं आकाश असेल तर चहा अर्धा टाकून निघा. अशाच दिवशी दक्षिणेला आल्प्सची बर्फाळ रांग दिसते.

उलट पश्चिमेकडून पाऊस येत असेल तर माथे ढगात जातात. मग वर जाण्यात काहीच अर्थ नाही. तो दिवस घड्याळांचा, रेल्वेचा आणि केकचा.

वरचा दिवस

सर्वात सोपा डोंगर शाउइन्सलांड, १२८४ मीटर. फ्रायबुर्गातून दोन नंबरची ट्राम ग्युंटर्सटालला जाते, तिथून २१ नंबरची बस थेट रोपवेच्या पायथ्याशी. हा रोपवे १९३० चा, साडेतीन किलोमीटरहून लांब. छोट्या डब्यात बसून वीसेक मिनिटं बीचच्या रंगीत शेंड्यांवरून वर जायचं. धुक्याच्या दिवशी मधेच कधीतरी डबा ढगातून बाहेर पडतो आणि अख्खा डबा एकदम बोलायला लागतो. वर गेल्यावर मनोऱ्यावर चढून परत फिरू नका. माथ्याजवळच्या कुरणांत वाऱ्याने एका बाजूला पार वाकवलेले जुने बीच आहेत, ते बघायलाच हवेत. फोटोसाठी दुपारी तीननंतरचं तिरकं ऊन उत्तम, पण रोपवेची शेवटची खेप किती वाजता ते वर जातानाच विचारून घ्या.

फेल्डबेर्ग १४९३ मीटर, या भागातलं सर्वोच्च शिखर. फ्रायबुर्गहून टिटीझेकडे जाणारी गाडी हा स्वतःच एक कार्यक्रम आहे. हजार मीटरमागे ५७ मीटरपर्यंत चढणारा हा मार्ग १८८७ मध्ये सुरू झाला, तेव्हा चढावर दातेरी रूळ लागत. चाळीसेक मिनिटांत तुम्ही द्राक्षाच्या हवेतून फरच्या हवेत येता. टिटीझेच्या पुढे फेल्डबेर्ग-बेअरेनटाल स्टेशन गाठा, ९६७ मीटरवर, आणि तिथून बस. मुख्य माथा बोडका, गवताळ आहे आणि वारा बोचरा असतो. खरं सौंदर्य खालच्या फेल्डझे तळ्यापाशी. हिमनदीने कोरलेल्या खोलगट कड्याखाली काळं, गोल पाणी आणि काठावर पिवळी झालेली झाडं. माथ्यावरून तळ्याकडे उतरणारी वाट खडकाळ आहे, ओल्या पानांवर पाय घसरतो.

टिटीझे तळ्याचं काय? दुकानांची गर्दी आहे, खोटं कशाला बोला. पण सकाळी नऊच्या आत काठाने चालून या. बसेस येण्याआधी ते तळं वेगळंच असतं. ऐसपैस पाणी हवं असेल तर पुढे श्लुख्झेला जा, ते या भागातलं सर्वात मोठं तळं, धरणाचं. रेल्वे त्याच्या काठाकाठाने जाते.

आणखी निवांत डोंगर म्हणजे बेल्खेन, १४१४ मीटर. दृश्य मला तरी फेल्डबेर्गपेक्षा सरस वाटतं. बसचा प्रवास लांब पडतो, त्यामुळे पहिल्या सहलीत तो घातलाच पाहिजे असं नाही.

पावसाचा दिवस

ओफेनबुर्गला जाऊन श्वार्झवाल्डबान पकडा. ही रेल्वे १८७३ मध्ये पूर्ण झाली, आखणी रोबेर्ट गेर्विग या अभियंत्याची. हॉर्नबेर्ग ते सांक्ट गेओर्गन हे सरळ रेषेत अकरा किलोमीटर अंतर, पण चढ सौम्य राहावा म्हणून गेर्विगने रूळ डोंगरांत वळवून वळवून सव्वीस किलोमीटरचे केले. तीसहून अधिक बोगदे लागतात. खंडाळ्याच्या घाटात मंकी हिलच्या चढावर खिडकी न सोडणाऱ्यांना वेगळं काही सांगायला नको. मघाची टिटीझेची घाटातली रेल्वेही याच गेर्विगच्या आखणीतली.

ट्रीबेर्गला उतरा. इथला धबधबा सात टप्प्यांत मिळून १६३ मीटर पडतो. जर्मनीतला सर्वात उंच अशी जाहिरात दिसेल, ती फार मनावर घेऊ नका, बव्हेरियात याहून उंच आहेत. पण पावसानंतर शरदात पाणी भरपूर असतं आणि काळ्या फरांमधून ते पांढरं उतरताना छान दिसतं. स्टेशनपासून गाव चढावर आहे, बस मिळते.

तिथून बसने फुर्टवांगनला जा, जर्मन घड्याळ संग्रहालय बघायला. सर्वांना माहीत असलेलं घराच्या आकाराचं कुकू क्लॉक इथूनच आलं. १८५० मध्ये फुर्टवांगनच्या घड्याळ विद्यालयाचा प्रमुख हाच गेर्विग होता. त्याने नव्या आकारांसाठी स्पर्धा ठेवली आणि फ्रीडरिख आयझेनलोर या वास्तुकाराने रेल्वे पहारेकऱ्याच्या घराचं चित्र पाठवलं, त्यावर डायल बसवलेलं. तोच नमुना आज भिंतीभिंतींवर आहे. दिवसभर त्याच्या रुळांवरून फिरून संध्याकाळी त्याच्या घड्याळांसमोर उभं राहायचं, पावसाळी दिवसाला याहून चांगला धागा मिळणार नाही.

त्याच रेल्वेवर गूटाखला जुन्या शेतघरांचं खुलं संग्रहालय आहे, फोग्ट्सबाउअर्नहोफ. मुख्य घर १६१२ चं, छप्पर जवळजवळ जमिनीपर्यंत उतरलेलं. माणसं, गुरं आणि वैरण एकाच छपराखाली, आत धुराने काळी पडलेली तुळई. संग्रहालय नोव्हेंबरच्या सुरुवातीला हिवाळ्यासाठी बंद होतं, तारीख बघून जा. लाल गोंड्यांच्या टोप्या इथल्याच: लाल गोंडे अविवाहितेचे, काळे विवाहितेचे. ब्लॅक फॉरेस्टच्या प्रत्येक पोस्टरवर ती टोपी असली तरी प्रत्यक्षात ती आजूबाजूच्या तीनच गावांची.

खालचा दिवस

हवा ना धड ऊन ना धड पाऊस अशी असेल तर पायथ्याशी राहा. सकाळी फ्रायबुर्गच्या म्युन्स्टर चर्चभोवतीचा बाजार, रविवार सोडून रोज, दुपारपर्यंत. भोपळे, अळंबी, अक्रोड, नवी सफरचंदं. चर्चचा मनोरा ११६ मीटर उंच. रस्त्यांतून वाहणाऱ्या चिंचोळ्या पाटांकडे लक्ष ठेवा. चुकून त्यात पाय पडला तर फ्रायबुर्गच्याच माणसाशी लग्न होतं असं गावकरी सांगतात. बुटांत पाणी जातं एवढं नक्की.

दुपारी श्टाउफेन किंवा काइझरश्टूलकडे. काइझरश्टूल हा विझलेला ज्वालामुखी, त्याच्या पायऱ्यापायऱ्यांच्या मळ्यांत ऑक्टोबरात पिवळा-तांबडा रंग पसरतो. सगळ्या सहलीतला सर्वात भडक रंग इथेच दिसेल. शेतकरी वर्षातले काही महिनेच स्वतःच्या अंगणात खानावळ चालवतात, त्यांना श्ट्राउसे म्हणतात. रोख पैसे जवळ ठेवा.

याच दिवसांत नॉयर झ्युसर मिळतो, अजून आंबत असलेला गढूळ, गोड द्राक्षरस. चव सरबताची, पण त्यात दारू असते आणि पोटात गेल्यावरही ते आंबणं थांबत नाही, हे बेताने घ्या. वायू बाहेर पडावा म्हणून बाटली मुद्दाम घट्ट बंद केलेली नसते. पाठपिशवीत आडवी ठेवलीत तर सगळे कपडे द्राक्षात भिजतील.

उत्तरेचं काय

बाडेन-बाडेन ते फ्रॉयडनश्टाट हा उंचावरून जाणारा सुमारे ६० किलोमीटरचा रस्ता, मुमेलझे तळं, २०१४ मध्ये स्थापन झालेलं राष्ट्रीय उद्यान, हे सगळं उत्तरेत. तिथे गाडी असेल तर मजा आहे. १९९९ च्या २६ डिसेंबरला लोथार वादळाने भुईसपाट केलेलं जंगल माणसाने हात न लावता कसं परत उगवतंय, ते दाखवणारी लोथारफाड ही छोटी लाकडी पायवाट तेवढी चुकवू नका. सात दिवसांपेक्षा कमी असतील तर उत्तर पुढच्या वेळी.

चालताना

वाटांवर खुणा पत्त्यांतल्या चौकटच्या चिन्हाच्या आकाराच्या असतात. पिवळी खूण म्हणजे गावातली वाट, निळी म्हणजे गावांना जोडणारी, लाल म्हणजे लांब पल्ल्याची. फाट्यावर पाटी असते, अंतर किलोमीटरमध्ये. १८६४ मध्ये स्थापन झालेला इथला पदभ्रमण संघ हे काम करतोय, त्यामुळे खुणांवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

परतीची वेळ सूर्यास्ताच्या तासभर आधीची धरा. घनदाट फरखाली अंधार लवकर पडतो. बूट पकड असलेले हवेत, विशेषतः वुटाख नदीच्या घळीत जाणार असाल तर. थरावर थर घाला: खाली पंधरा अंश असेल तेव्हा फेल्डबेर्गवर सहा-सात असू शकतं. शरदात शिकार चालते. वाटेवर शिकारीची पाटी दिसली तर दुसरा रस्ता धरा. गवतातून चालून आल्यावर गुडघ्यांच्या मागे, कमरेपाशी गोचीड चिकटलीय का बघा, हा भाग गोचिडीपासून होणाऱ्या मेंदूज्वराच्या क्षेत्रात येतो. अळंबी कितीही मोहक दिसली तरी तोडायची नाही. बाजारातली घ्या. आणीबाणीला ११२.

शाकाहारी माणसाने काय खायचं

जर्मनीत उपाशी राहाल ही भीती आता जुनी झाली, पण डोंगरातल्या खानावळीत सावध राहायला हवं. फ्लामकुखेन आणि कांद्याचा केक, दोन्हींत बेकन असतंच असं समजा. माउलटाशन दिसायला साधे मोदकाचे भाऊ, आत बहुधा मांस. मागवताना "ओने श्पेक, ओने फ्लाइश" एवढं म्हणा, म्हणजे बेकन नको, मांस नको. भरवशाचे पदार्थ: भोपळ्याचं सूप, चीज घातलेले केझश्पेत्स्ल (अंडं असतं) आणि बिबेलेसकेस. हा शेवटचा खास या बाडेन प्रांताचा: कांदा-पात घातलेलं, चक्क्यासारखं ताजं चीज आणि बरोबर तव्यावर परतलेले बटाटे. बऱ्याच खानावळींचं स्वयंपाकघर दुपारी दोननंतर बंद होतं ते साडेपाचपर्यंत. भूक लागायच्या आधी जेवा.

ब्लॅक फॉरेस्ट केक इथे वाढदिवसाचा गोड केक नाही. त्यात चेरीची कडक दारू असते आणि ती कळते. मुलांसाठी आधी विचारा, अंडं न खाणाऱ्यांनी नादी लागू नका.

घड्याळ घ्यायचंच असेल तर

दुकानात आधी खालची पाइनच्या बोंडासारखी लोखंडी वजनं हातात घेऊन बघा. बॅटरीच्या घड्याळालाही शोभेला वजनं लटकवलेली असतात, ती हलकी लागतात. खऱ्या यांत्रिकीत दोन वजनं म्हणजे वेळ आणि कुकू, तिसरं असेल तर संगीतही. वजनं लहान असतील तर साखळी रोज ओढावी लागते, मोठी असतील तर आठ दिवसांनी. दुकानदाराला काटा फिरवून कुकू ऐकवायला सांगा. आतल्या दोन छोट्या भात्यांतून हवा सुटते आणि दोन सूर येतात. इलेक्ट्रॉनिक आवाज लगेच ओळखू येतो. यांत्रिकीवर व्हीडीएस या इथल्या घड्याळांच्या संघाचं प्रमाणपत्र मागा. रात्री कुकू बंद करायची सोय आहे का तेही विचारा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचे शेजारी दुवा देतील.

५० युरोंहून जास्त खरेदी असेल तर पासपोर्ट दाखवून करपरताव्याचा फॉर्म भरून घ्या. वजनं इतकी जड असतात की ती हातातल्या सामानात न ठेवता चेक-इनच्या बॅगेतच जावीत. पण बॅग सोपवायच्या आधी विमानतळावर कस्टम्सच्या खिडकीशी घड्याळ दाखवून शिक्का घ्यावा लागतो, त्यासाठी तासभर आधी पोचा. साखळ्या दुकानातूनच तारेने बांधून घ्या, नाहीतर त्या वाटेत आत निसटतात आणि पुन्हा चाकावर बसवायला माणूस शोधावा लागतो.